खर्ड्याचा खोटा पाहुणा

नगरला जाऊन आलो म्हटलं की पुण्यातले लोक लगेच विचारतात, चांदबिबीचा महाल पाहिलास का? महाल मी लांबूनच पाहिला, टांग्यातून. डोंगरावर एक उभट ठोकळा दिसला. तोच तो, असं टांगेवाला म्हणाला. किल्ल्याच्या खंदकापाशी उभा राहून उसाचा रस प्यालो. एवढंच माझं नगरदर्शन. तरी हे लिहायला बसलोय, कारण तोंडानं सांगायला जीभ रेटत नाही. आमची ही विचारून विचारून थकली, की नगरहून आल्यापासून तुम्ही असे गप्प का? काय सांगू तिला? ज्या कामाला गेलो होतो ते फत्ते झालं. साहेबांनी पाठ थोपटली. आणि मला मात्र आरशासमोर उभं राहून दाढी करायचीही लाज वाटायला लागली आहे.

काम काय होतं ते आधी सांगतो. आमच्या कंपनीकडे गणकयंत्र आहे. साखर कारखान्यांचे हिशेब आम्ही त्यावर करून देतो. कुणाचा ऊस कधी आला, किती भरला, हे सगळं पोस्टकार्डापेक्षा थोड्या मोठ्या जाड कार्डांवर भोकं पाडून लिहायचं आणि ती कार्डं यंत्राला चारायची. यंत्राला भोकं वाचता येतात. नगर जिल्ह्याची कार्डं नगरलाच सावेडीत तयार होतात, एका भाड्याच्या बंगल्यात. तिथल्या बायका ती पंच करतात आणि खोकी भरून पुण्याला पाठवतात. एखाद्या खोक्यातली चार कार्डं कुणी बदलली, तर एकाचा ऊस दुसऱ्याच्या नावावर जाईल आणि यंत्र निमूट तेच छापून देईल. म्हणून साहेबांनी तिथे लोखंडी कपाट ठेवलं, सात लिव्हरचं कुलूप बसवलं, खिडक्यांना गज ठोकले.

"कुलपानं काही होत नाही साहेब," मी मीटिंगमध्ये म्हणालो. "कुलूप फोडायचं नसतंच. चावी ज्याच्या कमरेला आहे तो माणूस उघडायचा असतो."

बोललो ते खरं होतं, अजूनही खरंच आहे. पण बोलताना काय ऐट होती माझी! साहेब म्हणाले, मग दाखवा उघडून. मी म्हणालो, कुलूप न फोडता एक खोकं पुण्यात आणून तुमच्या टेबलावर ठेवतो. नगरच्या मॅनेजरला सांगायचं नाही, कुणालाच नाही. असा मी निघालो, जणू काही मोहिमेवर.

सुपा

गाडीत शेजारी तांबडं मुंडासं बांधलेले एक आजोबा होते. मांडीवर टोपली आणि टोपलीत पाय बांधलेली कोंबडी. शिरूर मागे पडलं तशी रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांची रांग लागली. डोक्यावर पदर, शेजारी फोडलेल्या खडीचे ढीग, आणि झाड म्हणाल तर बाभळ. आजोबांनी त्यांच्याकडे बघून नुसतं "हं" केलं आणि मग माझ्याकडे वळले.

"पाव्हणं, कुठलं?"

"पुण्याचा."

"ते झालं हो. मूळ गाव?"

"मूळ असं काही... आजोळ बारामतीकडचं."

"बारामतीकडं? मग आवो, आमची मेव्हनी तिकडंच दिलीया की! म्हंजे घरचंच निघालं तुमी."

सुप्याला गाडी थांबली, तेव्हा आजोबांनी सरळ ती टोपली माझ्या मांडीवर ठेवली. "जरा धरा, मी च्या मारून येतो." गेलेसुद्धा! मी कोण, नाव काय, काही माहीत नाही. कोंबडीनं माझ्या पांढऱ्या पँटवर जे करायचं ते केलं. मला राग आला, आणि लगेच हसूही आलं. पुण्यात आमच्या शेजारच्या काकू अजून दाराची साखळी न काढता फटीतून "कोण?" विचारतात, आणि आम्ही त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. इथं मात्र तीन प्रश्न विचारायचे, कुठून तरी एक मेव्हणी शोधून काढायची, आणि झाला माणूस घरचा. आपलं काम कसं होणार ते मला तिथंच, कोंबडी सांभाळताना कळलं. आजोबा परत आले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी पानात गुंडाळून भजी आणली होती.

सावेडी

सावेडी म्हणजे नगरच्या कडेला नवीनच उभी राहत असलेली वस्ती. आठ-दहा बंगले, मध्ये मोकळी शेतं, एखादी शाळा, आणि धूळ. कार्डांच्या बंगल्यासमोर एक चहाची टपरी आहे. मी तिथे बसलो, एकावर एक चहा घेतला, आणि टपरीवाल्याला बोलतं केलं. अशा कामात माझा हातखंडा आहे. हे सांगतानाही आता कसंसंच वाटतं.

"तितं कोन जाऊ शकत न्हाई," टपरीवाला म्हणाला. "सुमनबाई हाय ना, चावीवाली. लई कडक! सख्खा नवरा डबा घिऊन आला तरी दारातच उबा करती. एस्टीच्या वर्कशॉपात हाय बिचारा. हासतो आन जातो."

"कुणालाच आत घेत नाहीत?"

"एकदा घेतलं हुतं. खर्ड्याचा एक बांगडीवाला आल्ता. तिचं म्हायेर खर्डं. आई तितंच असती एकली, किल्ल्यापाशी, बायांना बांगड्या भरती. खर्ड्याचं नाव काढलं की बाई पार इरघळती बगा."

मी पैसे दिले आणि रस्ता ओलांडला.

दुपार होती. पंच करणाऱ्या मुली जेवायला घरी गेल्या होत्या, मॅनेजर गावात. दार वीतभर उघडलं. पस्तिशीच्या आतबाहेरची एक बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात दोन्हीकडे हिरव्या बांगड्या.

"कोण पाहिजे? पास आहे का?" आवाज अगदी सरकारी.

"पास नाही हो. मी खर्ड्याचा. नगरला आलो होतो, म्हटलं गावची मुलगी इथं असते, भेटून जावं."

त्या बाईचा चेहरा जो बदलला तो मी विसरू शकत नाही. "अगं बाई! म्हायेरचा मानूस आन उनात उबा! या दादा, आत या." ऑफिसची भाषा गळून पडली, दार सताड उघडलं. पाण्याचा तांब्या आला, वाटीत गूळ आला. मी खुर्चीत बसलो, लोखंडी कपाट माझ्या पाठीशी.

"कुनाच्या घरचे तुमी?"

मी घोटभर पाणी प्यालो. "तसा मी बाहेरच असतो नोकरीला..."

"पोस्टातल्या मास्तरांचे तर न्हवं? त्यांचा थोरला पुन्याकडं असतो म्हनं."

"तोच मी."

बघा, खोटं मला पुरतं बोलावंसुद्धा लागलं नाही. अर्धं मी बोललो, उरलेलं तिनंच मायेनं पुरवलं. मी मनात स्वतःला शाबासकी देत होतो, तेवढ्यात ती खुर्ची पुढे ओढून बसली. आवाज खाली गेला.

"दादा, आई दिसली का हो? कंडक्टरच्या हाती निरोप आलाय, बरं न्हाई म्हनून. जीव थाऱ्यावर न्हाई माजा. उद्याची रजा मांडलीय. मॅनेजर कुरकुर करत्यात, पन जाते म्हनलं."

मी 'माहीत नाही' म्हणू शकलो असतो. मी पोस्टमास्तरांचा मुलगा, बाहेर असणारा, मला ठाऊक नसणं साहजिक होतं. पण रडकी बाई जागची हलत नाही, आणि मला ती हलायला हवी होती. तोंडातून शब्द असे सुटले, जणू तयारच होते.

"पाहिली की! परवाच. दारात बसून बांगड्या भरत होत्या. चांगल्या हसत होत्या."

सुमनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "देव बरं करो तुमचं. मग रजा मागं घेते. जत्रंला जाईन निवांत." उठल्या, आणि एकदम माहेरवाशीण झाल्या. "थांबा, च्या टाकते. जेवलाबी नसाल. जरा इकडं लक्ष ठेवा हं दादा, कुनी आलं तर आत सोडू नका."

चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवून ती मागच्या खोलीत गेली. राखण करायला मला ठेवून!

स्टोव्हची फरफर ऐकू येत होती. मी कपाट उघडलं, एक खोकं काढलं, माझ्या पिशवीत घातलं, कपाट लावलं, चाव्या होत्या तशा ठेवल्या. मग चहा प्यालो. वेलदोडा घातलेला चहा. निघताना तिनं फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी माझ्या हातात दिली. "शेंगदान्याचे लाडू हायत आईसाटी. मऊ केल्यात, तिला दात न्हाईत. मी नेनार हुते, आता तुमीच द्या. आन वहिनींना नमस्कार सांगा."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

लॉजवर आलो. खोकं आणि लाडू एकाच टेबलावर ठेवले. खाली खानावळीत हुलग्याचे शेंगोळे होते, झणझणीत, वर तेलाचा तवंग. एरवी मी दोनदा मागून घेतले असते. घास फिरायला लागला. वाढपी म्हणाला, "तिखट लागलं का पाव्हणं?" मी म्हणालो, हो. सकाळी स्टँडवर गेलो तो पुण्याच्या गाडीसाठीच. पिशवीत जिंकलेलं खोकं होतं, साहेब वाट पाहत होते. पण ती पुरचुंडी करायची काय? फेकवेना. खाण्याचा तर प्रश्नच नव्हता. कुणाच्या हाती पाठवावी, तर ओळखीचा कोण? शेवटी पुण्याची गाडी सोडली आणि जामखेडच्या गाडीत बसलो. निदान लाडू तरी पोचवून यावे, एवढंच मनात होतं. यात माझा काही मोठेपणा नाही. ओझं उतरवायचं होतं.

खर्डा

चिचोंडी, कडा, आष्टी. जसजसं पूर्वेला जावं तसतसा मुलूख उघडा पडत जातो आणि बोलणं मराठवाड्याकडे झुकायला लागतं. गाडीत एक बाई सांगत होती, की रेशनवर ती परदेशी लाल ज्वारी, मिलो, मिळते तिची भाकरी थापायला गेलं की हातातच तुटते. दुसरी म्हणाली, तुटू दे, मिळतीय ना! जामखेडला गाडी बदलली. तिथे बाकड्यावर डुलकी लागली, आणि जागा झालो तर लाडवांच्या पुरचुंडीला मुंग्या. फडकं झटकून झटकून मी घामाघूम झालो. कार्डांच्या खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

खर्ड्याचा किल्ला गावात शिरतानाच समोर येतो. भुईकोट आहे, पण तट असा चिरेबंदी की मान वर करून बघत राहावं. निजाम इथं येऊन कोंडला गेला होता हे शाळेत वाचलेलं. दरवाज्याच्या सावलीला दोन शेरडं बसली होती. एवढा जाड तट, एवढे खिळे ठोकलेले दरवाजे बघून मला आपल्या सात लिव्हरच्या कुलपाची आठवण झाली आणि हसू आलं. पण हसू टिकलं नाही.

वेशीपाशी तिघेजण बसले होते. लगेच सुरू झालं. "पाव्हणं, कुनाचं तुमी?"

"कुणाचाच नाही," मी म्हणालो. "पुण्याचा आहे. बांगड्या भरणाऱ्या म्हातारबाई कुठं राहतात?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं नुसतं हातानं घर दाखवलं.

ओट्यावर एक उंच, काळीसावळी बाई तांदूळ निवडत होती. शेजारीण, खातूनबी. मी सुमनबाईंचं नाव घेतलं तशी ती सूप टाकून उठली. "सुमननं पाठवलं? आन ती कुठं हाय? मागं येती का?" माझ्या पाठीमागे रस्त्यावर बघायला लागली. मी पुरचुंडी पुढे केली. ती दारातून आत ओरडली, "भाबी, सुमनकडचा मानूस आलाय!"

आत अंधारात बाजेवर म्हातारी होती. दारात बसून बांगड्या भरणारी, हसणारी, मी परवाच पाहिलेली! पोट फुगलेलं, हातपाय काड्या, श्वास घेताना गळ्याची शीर उडत होती. भिंतीवर खिळ्यांना बांगड्यांच्या माळा लटकत होत्या, हिरव्या, लाल, आणि त्यांच्यावर धूळ. खातूनबी हळूच म्हणाली, जामखेडचा डॉक्टर बघून गेला, पोटात पानी झालंय, आता पोरीला बोलवा म्हनला.

मी पुरचुंडी सोडली. म्हातारीनं लाडवाचा एक कण जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून तो विरघळू दिला. मग विचारलं, "ती का न्हाई आली? कंडक्टरच्या हाती निरोप धाडला हुता."

खोटं बोलणं किती सोपं असतं हे मी आदल्या दिवशीच पाहिलं होतं. रजा मिळाली नाही म्हणालो असतो तर संपलं असतं. पण त्या बाजेपाशी उभं राहून मला ते जमेना.

"माझ्यामुळे नाही आली," मी म्हणालो. "मी तिला सांगितलं, तुम्ही बऱ्या आहात म्हणून. मी तुम्हाला कधी पाहिलंही नव्हतं."

"का रं बाबा?"

का? काय सांगणार? कंपनी, कार्डं, कुलूप? "तिच्या ऑफिसात शिरायचं होतं मला," मी म्हणालो. "खर्ड्याचा आहे असं सांगून शिरलो."

खातूनबीनं माझ्याकडे अशी नजर टाकली की जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. म्हातारीच्या तोंडावर मात्र, देवाशपथ, थोडं हसू आलं.

"म्हंजे सुमी दोन घास सुखानं जेवली आसंल," ती म्हणाली. "बरं झालं ते. पन आता जा, लेकरा, आन खरं काय ते सांगून तिला घिऊन ये."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, आत्ता पोस्टात जातो, तार करतो.

"तार नगं!" म्हातारी केवढ्यानं तरी ओरडली. तेवढं बोलूनच तिला धाप लागली. "तार बगून तिचं काळीज फाटंल. मी मेलेच म्हनंल. तूच जा."

शेवटची गाडी निघून गेली होती. खातूनबीनं मला भाकरी वाढली, तीच हातात तुटणारी लाल भाकरी, वर ठेचा. मी नको नको म्हणत होतो. "खा," ती म्हणाली. "तू केलं ते तुज्यापाशी. दारातला मानूस उपाशी न्हाई झोपत." त्यांच्याच ओट्यावर मी अंग टाकलं. पुण्यात, मी केलं तसं कुणी माझ्याशी केलं असतं, तर मी त्याला दारात तरी उभं केलं असतं का?

सकाळी निघताना म्हातारीनं खातूनबीकडून बांगड्यांची एक पेटी खाली काढवली. पडल्या पडल्या, न बघता, नुसत्या बोटांनी चाचपून तिनं हिरव्या बांगड्या निवडल्या आणि दोन जुड्या बांधल्या.

"तू म्हनशील आन ती ऐकंल आसं न्हाई आता," ती म्हणाली. "ह्या दाव. डाव्या हाताची जुडी एक माप मोटी हाय. लहानपनी चिचंवरनं पडली हुती, डाव्या अंगठ्याखालचं हाड वाकडं बसलंय. भायेरचा कासार दोन्ही हाताला एकच माप भरतो, मग तिला टोचतं. हे माज्याबिगर कुनाला ठावं न्हाई. खूण पटंल तिला."

कापसात गुंडाळलेल्या त्या बांगड्या मी नगरपर्यंत दोन्ही हातांत धरून आणल्या. गाडी खड्ड्यात आदळली की माझा जीव खालीवर. शेजारचा एक जण म्हणाला, "काय पाव्हणं, अंडी हायत का?" गाडी हसली. मीही हसायचा प्रयत्न केला.

पुन्हा सावेडी

बंगल्याच्या फाटकावर काठीवाला पहारेकरी उभा होता. दारावर नवा कोरा कागद चिकटवलेला, ओळखपत्राशिवाय कुणालाही प्रवेश नाही, मग तो कोणी का असेना. मॅनेजर बाहेर आले, ते आधी चिडलेले आणि मग एकदम अदबीनं वागणारे, कारण मी हेड ऑफिसचा. आदल्या दिवशी खोकं नाही म्हणून हाहाकार झाला होता. सुमनबाईंना दिवसभर बसवून ठेवून उलटसुलट विचारलं होतं. त्या एकच सांगत होत्या, कुणी परकं आलं नाही, फक्त माझ्या माहेरचा माणूस आला होता. शेवटी सकाळी पुण्याला ट्रंक कॉल लागला, तेव्हा साहेब हसून म्हणाले, अहो, तो आमचाच माणूस.

"छान धडा दिलात साहेब," मॅनेजर म्हणाले. "आता माशीसुद्धा आत येणार नाही."

मी खोकं त्यांच्या हातात दिलं आणि खिडकीशी गेलो. सुमनबाई गजांच्या आत टेबलाशी बसल्या होत्या. जागच्या उठल्या नाहीत. मला वाटलं होतं, त्या रडतील किंवा बोल लावतील. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघतात तसंसुद्धा नाही. अनोळखी माणसाशी त्या बऱ्या वागल्या असत्या.

"पोस्टातल्या मास्तरांचे ना तुमी?" त्या म्हणाल्या.

"सुमनताई, मी खर्ड्याहून आलोय. खरंच. लाडू पोचवले. आईंची तब्येत फार..."

"परवा बरी हुती. हासत हुती."

"ते खोटं होतं."

"आन आजचं?"

माणूस कसा फसतो हे मला तोंडपाठ आहे. एकदा फसवलेल्या माणसाला खरं कसं पटवायचं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. कुणीच केला नव्हता. दारावरच्या त्या कागदावरही नव्हतं.

"कशाला बोलवताय मला तिकडं?" त्या म्हणाल्या. "मी गेले की मागनं आनखी काय न्यायचंय? मॅनेजर म्हनत्यात, सायबांची परीक्षा आजून संपली नसंल. कुनी काय सांगितलं तरी जागा सोडू नका म्हनलेत."

मी कापूस उलगडला आणि बांगड्या गजांतून आत दिल्या. चिंचेचं झाड, अंगठ्याखालचं हाड, एक माप मोठी जुडी, सगळं भडाभडा सांगितलं. त्यांनी डाव्या हातातली एक बांगडी काढली आणि नवी चढवली. अलगद बसली. त्या हाताकडे बघत राहिल्या. क्षणभर मला वाटलं, पटली खूण.

"बसली," त्या म्हणाल्या. "मापाची हाय." मग मान वर केली. "पन आईकडनंबी तुमी तसंच काढलं आसंल. माज्याकडनं खोकं काढलंत तसं. सुमीनं पाठवलंय म्हनला आसाल, आन तिनं बिचारीनं पेटी उघडली आसंल."

मी गजाला धरून उभा होतो. आणि मुळात तसंच तर झालं होतं! सुमननं पाठवलं म्हणूनच ते दार उघडलं होतं.

"नका ठेवू माझ्यावर विश्वास," मी म्हणालो. "मी त्या लायकीचा नाही. पण जा. हात जोडतो. आत्ताच्या गाडीनं जा."

त्यांनी ती नवी बांगडी हातातच ठेवली, बाकीच्या पुन्हा कापसात गुंडाळल्या. मग उठल्या, कमरेचा जुडगा सोडून मॅनेजरांच्या टेबलावर ठेवला आणि पिशवी उचलली. मॅनेजर काही बोलायला लागले. मी म्हणालो, हेड ऑफिसतर्फे मी सांगतोय, त्यांना जाऊ द्या, रिपोर्टमध्ये चूक माझी लिहितो. मॅनेजरांना ते कळलं नाही. चूक कसली, तुम्ही तर पास झालात, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

स्टँडपर्यंत मी त्यांच्या मागे चार हात अंतर ठेवून चाललो. बरोबर येऊ का विचारायची छाती झाली नाही. जामखेडची गाडी लागलेली होती. त्या खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. डाव्या हातात नवी हिरवी बांगडी. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आपणहून माझ्याकडे पाहिलं.

"मी तुमच्या बोलन्यावर न्हाई निघाले," त्या म्हणाल्या. "तुमी आजबी खोटंच बोलत आसाल, आसं धरून निघाले. खोटं निघालं म्हंजे आई बरी हाय. देव करो आन खोटंच निघो."

कंडक्टरनं घंटी मारली. धूळ उडवत गाडी फाटकाबाहेर पडली, आणि भर उन्हात त्या स्टँडवर उभा राहून मीही देवाकडे तेच मागत होतो. पण या खेपेला मी खरं बोललो होतो.